पाणबुडीचा खर्च आणि आपले कर्तव्य

आपला परभणी जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. परभणीहून मनमाडमार्गे मुंबईस जावयाचे म्हणजे आगगाडीने सुमारे साडेपाचशे किलोमीटरांचा प्रवास. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या आपल्या नद्या. परंतु त्यांचे पाणीदेखील अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहते व बंगालच्या उपसागरास मिळते. ज्यांनी समुद्र एकदाही पाहिला नाही असे विद्यार्थी आपल्या शाळेत पुष्कळ आहेत आणि असे पालक तर त्याहून अधिक असतील. असे असूनही २०२५ च्या मे महिन्यात मोंढ्यात, एस. टी. च्या स्थानकावर आणि शाळेच्या व्हरांड्यातही आरमार व पाणबुडी यांविषयीचे बोलणे आमच्या कानी येऊ लागले.

त्याचे कारण वाचकांस ठाऊक आहेच. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहाजण होते. ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ या नावाने सीमेपलीकडील दहशतवाद्यांच्या तळांवर हल्ले केले. पुढे दोन्ही देशांत चार दिवस तोफा, विमाने व ड्रोन यांचा मारा चालला आणि १० मे रोजी सायंकाळी तो थांबला. या दिवसांत जे बोलणे आम्ही ऐकले ते तीन प्रकारचे होते. कोणी म्हणे, ‘इतक्या पाणबुड्या आहेत, तर एकदाच सोक्षमोक्ष का लावीत नाहीत?’ कोणी म्हणे, ‘आता आपल्यावरही बॉम्ब पडणार काय?’ आणि कोणी उसासा टाकून म्हणे, ‘पाणबुडीला हजारो कोटी मिळतात, आमच्या सोयाबीनला मात्र भाव मिळत नाही.’

पहिला उद्गार उन्मादाचा, दुसरा भीतीचा आणि तिसरा तक्रारीचा. या तिघांचाही विचार करावा व विद्यार्थ्यांस काही उपयुक्त माहिती द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात इतकेच आहे की, लोकांचा क्षोभ पंधरा दिवसांचा असतो आणि पाणबुडी वीस वर्षांत तयार होते. म्हणून क्षोभाच्या पंधरा दिवसांत आपण काय ओरडलो यापेक्षा शांततेच्या वीस वर्षांत आपण काय विचारले, यालाच खरे महत्त्व आहे.

प्रथम पाणबुडी म्हणजे काय, ते पाहू. ज्या मुलांनी उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला आहे त्यांस हे समजणे कठीण नाही. पाण्यात खोल गेले म्हणजे कान दुखू लागतात, कारण वरच्या पाण्याचे वजन अंगावर येते. दर दहा मीटर खोलीस हा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोने वाढतो. पाणबुडी तीनशे मीटर खोल गेली तर तिच्या पोलादी अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर तीस किलोंचा, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर तीनशे टनांचा भार पडेल. यास्तव तिचे पोलाद विशेष प्रकारचे असावे लागते आणि त्याचा प्रत्येक सांधा निर्दोष जोडावा लागतो. एक सांधा चुकला तर आतील सर्वांचे प्राण जातात.

पाणबुडी बुडते व वर येते ती आर्किमिडीजच्या नियमाने. तिच्या बाजूंस मोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले म्हणजे ती जड होऊन खाली जाते. दाबलेल्या हवेने ते पाणी बाहेर लोटले म्हणजे हलकी होऊन वर येते. पाण्याखाली तेलाची यंत्रे चालविता येत नाहीत, कारण त्यांस हवा लागते. म्हणून साधी पाणबुडी खोल पाण्यात बॅटऱ्यांवर चालते आणि त्या उतरल्या म्हणजे पृष्ठभागाजवळ येऊन, एक नळी पाण्याबाहेर काढून, तेलाच्या यंत्राने त्या पुन्हा भरून घेते. हीच तिची सर्वांत धोक्याची वेळ होय, कारण त्या वेळी शत्रूस तिचा पत्ता लागू शकतो. एरवी खोल पाण्यात प्रकाश पोहोचत नाही व रेडिओच्या लहरीही फारशा शिरत नाहीत. दूरवर जातो तो केवळ आवाज. म्हणून पाणबुडीचे सारे सामर्थ्य तिच्या मौनात आहे. तिचे पंखे, पंप, नळ, एवढेच नव्हे तर आतील माणसांची पावलेदेखील जितकी नि:शब्द, तितकी ती सुरक्षित. पोलाद, बॅटऱ्या आणि मौन या तीन गोष्टींमुळेच पाणबुडी इतकी महाग होते.

ती तयार होण्यास इतका काळ का लागतो, हे आता आपल्या देशाच्या इतिहासावरून पाहू. १९६४ साली पाकिस्तानने अमेरिकेकडून ‘गाझी’ नावाची पाणबुडी मिळविली. १९६५ चे युद्ध झाले तेव्हा भारताजवळ एकही पाणबुडी नव्हती. त्या वेळी आपले यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतच सोविएत संघाकडून पाणबुड्या घेण्याचे ठरले आणि ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. त्या तारखेस आजही नौदलात पाणबुडी दिन पाळतात.

चारच वर्षांनी, १९७१ च्या डिसेंबरात, पाणबुडीयुद्ध म्हणजे काय ते दोन्ही देशांस कळले. ‘गाझी’ विशाखापट्टणच्या किनाऱ्याजवळ बुडाली व तिच्यातील नव्वदाहून अधिक माणसे तिच्यासह गेली. पुढे ९ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. तिच्यावरील १८ अधिकारी व १७६ नाविक मृत्यू पावले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांस नौका सोडण्याची आज्ञा केली, परंतु स्वत: ती सोडली नाही. एका आठवड्याच्या आत दोन्ही देशांतील शेकडो घरी असा शोक पसरला. युद्धाविषयी उत्साहाने बोलणाऱ्या मुलांनी हे दोन आकडे एकत्र लिहून ठेवावेत, अशी आमची त्यांस सूचना आहे. कारण समुद्राच्या तळाशी आपले व परके असा भेद राहात नाही, आणि दोन्हीकडच्या आयांच्या डोळ्यांतील पाणी सारखेच खारट असते.

यापुढील कथा मुंबईच्या माझगाव गोदीची आहे व ती प्रत्येक मराठी माणसाने समजून घ्यावी अशी आहे. १९८१ च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीच्या एका कारखान्याशी चार पाणबुड्यांचा करार झाला. पहिल्या दोन तेथे बांधून १९८६ साली नौदलात दाखल झाल्या; पुढील दोन माझगाव येथे आपल्या कारागिरांनी बांधल्या. त्यांपैकी ‘शाल्की’ १९९२ साली व ‘शंकुल’ १९९४ साली नौदलात आली. परतंत्रतेतून बाहेर पडून अर्धशतकही झाले नव्हते, अशा देशातील कामगारांनी पाणबुडी बांधावी, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु १९८७ साली या करारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले व देशभर मोठा गदारोळ उठला. आरोपांची चौकशी होणे अवश्यच होते. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत संशय आला असता विचारणे हा नागरिकाचा धर्म आहे. पण त्या गदारोळात पुढील पाणबुड्यांचे कामच थांबले. ‘शंकुल’ पुरी झाल्यावर गोदीतील पाणबुडी बांधण्याची जागा कित्येक वर्षे रिकामी पडली आणि ज्यांनी पाणबुडीचे पोलाद जोडण्याची विद्या परदेशी जाऊन संपादन केली होती ते हात दुसऱ्या कामास लागले. सुताराचे पटाशी-रंधे गंजले तर नवे आणता येतात. परंतु त्याचा हात मोडला तर पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. येथे तसेच झाले.

१९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. त्याच वर्षी सरकारने तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली. सहा पाणबुड्यांचा पहिला करार फ्रेंच कारखान्याशी झाला तो मात्र ऑक्टोबर २००५ मध्ये. या सहांतील पहिली नौका २०१२ साली मिळावयाची होती. प्रत्यक्षात नवी ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली. मागून ‘खांदेरी’ २०१९ साली, ‘करंज’ व ‘वेला’ २०२१ साली, ‘वागीर’ २०२३ साली आणि शेवटची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. कारगिलच्या वर्षी जन्मलेले मूल ‘कलवरी’ आली तेव्हा मतदानाच्या वयास आले होते! २००५ साली ठरलेली सहावी पाणबुडी पहलगामच्या घटनेपूर्वी केवळ तीन महिने हाती आली. योजनेतील पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी कारखान्यांकडून प्रस्ताव मागविण्यास मंजुरी मिळाली ती तर जून २०२१ मध्ये, आणि त्या वेळी त्यांचा अंदाज सुमारे ४३,००० कोटी रुपयांचा होता.

आपल्याकडे म्हण आहे की, तहान लागल्यावर विहीर खणू नये. मराठवाड्यात ही म्हण कोणास समजावून सांगावयास नको. मे महिन्यात पाणी आटल्यावर खणावयास घेतलेली विहीर त्या मे महिन्यास उपयोगी पडत नाही. पाणबुडीचेही तसेच. सीमेवर तणाव वाढला असता ‘आणखी पाणबुड्या घ्या’ अशी कितीही मागणी केली, तरी त्या तणावाच्या कामी ती नौका येत नाही. ती आपल्या नातवंडांच्या काळातील तणावास उपयोगी पडेल. आणि तणाव निवळल्यावर आपण तो विषय विसरून गेलो, तर तेवढीही पडणार नाही.

आता वर सांगितलेल्या तीन उद्गारांकडे वळू. पहिला उन्मादाचा. ८ मे २०२५ च्या रात्री काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराचीचे बंदर उद्ध्वस्त केले अशी बातमी दिली आणि ती हातोहाती दूरध्वनीवरून गावोगाव पसरली. ती बातमी खोटी होती. खरी हकीकत ११ मे रोजी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितली, ती अशी की, पहलगामच्या हत्याकांडानंतर शहाण्णव तासांच्या आत आपल्या युद्धनौका, विमाने व पाणबुड्या अरबी समुद्रात सज्ज होऊन राहिल्या होत्या. त्या तेथे गेल्या, आज्ञेची वाट पाहात थांबल्या, आणि लढाई थांबली तेव्हा कराचीवर त्यांनी एकही गोळा टाकलेला नव्हता. पाहा, ज्यांच्याजवळ शस्त्र होते त्यांनी मौन पाळले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी मात्र आरडाओरडा केला. ‘कराची पडली’ म्हणून जो मुलगा त्या रात्री संदेश पाठवीत बसला, त्याने देशाची सेवा केली असे त्यास वाटले असेल. परंतु खरे-खोटे न पाहता त्याने एक असत्य शंभर घरी पोहोचविले. पाणबुडीपासून शिकावयाचा पहिला धडा मौनाचा आहे.

उन्मादाचे दुसरे रूप याहून वाईट, ते म्हणजे शेजाऱ्याचा द्वेष. पहलगाम येथे मारल्या गेलेल्यांत आपल्या नौदलाचा एक तरुण अधिकारी होता. त्याचा विवाह होऊन आठवडाही लोटला नव्हता. त्याच्या पत्नीने त्या दु:खातही लोकांस जाहीर विनंती केली की, मुसलमानांचा किंवा काश्मिरी लोकांचा द्वेष करू नका. आम्हांस शांतता हवी व न्याय हवा. ज्या स्त्रीचे सर्वस्व गेले तिला हे सुचले, आणि ज्यांचे काहीच गेले नव्हते अशा अनेकांनी तिलाच दूषणे दिली. परभणीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन, शीख व ख्रिस्ती एकाच गल्लीत राहतात व एकाच बाकावर बसून शिकतात. ज्या दिवशी सीमेवर तोफा वाजतात, त्या दिवशी आपल्या बाकावरील सोबत्यास नेहमीसारखी हाक मारणे, हीच त्या दिवसाची देशसेवा आहे असे आम्ही मानतो.

दुसरा उद्गार भीतीचा. भीती ही निंद्य गोष्ट नाही. माहितीचा अभाव मात्र तिला वाढवितो. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी ठरविलेल्या स्थळांत मुंबई, पुणे, नाशिक, मनमाड अशी महाराष्ट्रातील ठिकाणे होती. ती निवडली गेली कारण तेथे बंदरे, कारखाने, तेलाचे साठे अशी महत्त्वाची ठाणी आहेत. अशा वेळी सूचना ऐकून शांतपणे वागणे हे नागरिकाचे काम. त्याच सुमारास देशात धान्याचा साठा पुरेसा आहे, कोणी साठेबाजी करू नये, असे सरकारने सांगितले. भीतीने एका घराने चार महिन्यांचा किराणा भरला म्हणजे दुकानात भाव चढतो व त्याचा फटका रोजमजुराच्या घरास बसतो. घाबरलेल्याची भीती अशा रीतीने गरिबाच्या ताटावर जाऊन पडते.

तिसरा उद्गार तक्रारीचा, आणि त्याचा विचार आम्ही अधिक आदराने करणार आहोत. आधी पोटोबा मग विठोबा, असे आपले वाडवडील सांगत आले. ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ सोसला, जेथे २०१६ साली पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची पाळी आली, आणि जेथे २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने ‘पाणबुडी कशास?’ असे विचारले तर त्यास देशद्रोही म्हणणे हा अन्याय होईल. त्याच्या प्रश्नास उत्तर दिले पाहिजे, आणि ते आकड्यांनी दिले पाहिजे.

चला तर, थोडे गणित करू. सहा पाणबुड्यांच्या पहिल्या योजनेस २००५ साली १८,७९८ कोटी रुपये मंजूर झाले व २०१० साली तो आकडा २३,५६२ कोटींवर गेला. त्यास सहाने भागले तर एका पाणबुडीस सुमारे ३,९२७ कोटी रुपये पडतात. आकडा मोठा आहे. पण देशाची लोकसंख्या स्थूलमानाने १४० कोटी धरली, तर सहाही पाणबुड्यांचा खर्च माणशी सुमारे १६८ रुपये येतो. पाच माणसांच्या घरास ८४० रुपये. आणि तेही वीस वर्षांत, म्हणजे वर्षास ४२ रुपये. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्याची वस्ती १८,३६,०८६ होती. त्या मानाने परभणी जिल्ह्याच्या वाट्यास सुमारे ३१ कोटी रुपये येतात. दुसरी तुलना घ्या. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबर महिन्यात राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तो आकडा या सहा पाणबुड्यांच्या मंजूर खर्चाहून मोठा आहे. जाहीर झालेली रक्कम हाती किती व केव्हा येते हे शेतकऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहावे. परंतु पाणबुडी नसती तर ती रक्कम दुप्पट झाली असती, असे मात्र कोणी समजू नये.

आता गणिताची दुसरी बाजू. पाणबुडी एकटी नसते. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी एकंदर ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले होते. ते माणशी सुमारे ४,८६६ रुपये, म्हणजे पाच जणांच्या घरास चोवीस हजारांवर जाते. कर सर्वांस सारखा नसतो, श्रीमंतास अधिक असतो, हे खरे. तथापि दुकानातून वस्तू विकत घेणारा व ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणारा प्रत्येकजण काहीतरी देतोच. या रकमेतील चवथ्या हिश्शाच्या जवळपास भाग निवृत्त सैनिकांच्या वेतनास जातो. आपल्या गावचा निवृत्त जवान जेव्हा बँकेतून निवृत्तिवेतन घेऊन येतो, तेव्हा तोही संरक्षणखर्चच असतो. यावरून दिसेल की, हा खर्च लहान नाही, सगळा शस्त्रांचाही नाही, आणि ‘फुकट गेला’ किंवा ‘कितीही होऊ द्या’ या दोन शब्दांत तो मिटविण्यासारखाही नाही.

समुद्राशी आपला संबंध काय, असेही कोणी विचारील. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. खाद्यतेलाचा अर्ध्याहून अधिक भाग बाहेरून येतो. शेतास घालावयाचे पोटॅश जवळजवळ सर्व परदेशचे. हे सारे मुख्यत: जहाजांतून येते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कित्येक जहाजांस आफ्रिकेस वळसा घालून जावे लागले. त्याच डिसेंबरात गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एका तेलवाहू जहाजावर ड्रोन येऊन आदळले. मार्ग लांबला म्हणजे भाडे वाढते, आणि भाडे वाढले म्हणजे जिंतूर-सेलूच्या दुकानातही वस्तूचा भाव हलतो. म्हणून समुद्र आपल्यापासून दूर आहे तो केवळ नकाशावर.

तथापि आरमार हवे एवढ्यावरून त्याचा प्रत्येक खर्च योग्य ठरत नाही. या बाबतीत आपल्याच इतिहासात एक मोठा धडा आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरीचे बेट बळकावून तेथे किल्ला बांधावयास घेतला, आणि इंग्रजांनी गलबते आणून केलेला विरोध मोडून काढला. आजच्या एका पाणबुडीस त्याच बेटाचे नाव आहे. या आरमाराविषयी रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांत आरमाराची थोरवी तर सांगितली आहेच. पण जहाजाच्या लाकडाकरिता रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, अशीही आज्ञा आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊनच घ्यावे, असा त्याचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या या आज्ञेत संरक्षणखर्चाचे सारे तत्त्व आले आहे. आरमार हवे, पण रयतेस राजी करून, तिला मोल कळवून.

आमची रयत राजी होत नाही असे नाही. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीस स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९७१ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. घरातील जुन्या पेटीत त्या काळचे एखादे पाकीट सापडल्यास मुलांनी ते पाहावे. लोकांनी हे दिले, कारण कशासाठी देतो ते त्यांस स्पष्ट दिसत होते. जेथे दिसत नाही, तेथे संशय व अफवा यांस वाव मिळतो.

आणि जेथे कोणी विचारीत नाही, तेथे विलंब होतो. विलंबाने काय होते हे वर आलेच आहे. वर्षे वाढतात, खर्च वाढतो आणि जुन्या नौका अधिक काळ वापराव्या लागतात. पाणबुडीवरील काम शांततेतही किती जोखमीचे असते, ते मुंबईने पाहिले आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्यू पावले. पुढे २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीवर आग लागून दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन पदाचा राजीनामा दिला. त्या वेळी युद्ध नव्हते, वर्तमानपत्रांतून घोषणा नव्हत्या, परभणीच्या मोंढ्यात पाणबुडीचे नावही कोणी घेत नव्हते. परंतु नागरिकाने विचारावयाची खरी वेळ तीच होती.

मग आपण काय करावे? विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस मत देण्याचा अधिकार अजून नाही. पण त्याची तयारी आजपासून करता येते. दर फेब्रुवारीत केंद्र सरकारचे अंदाजपत्रक लोकसभेपुढे येते. त्यांतील संरक्षणाचा आकडा वहीत लिहा व त्याच्या शेजारी शेती, शिक्षण व आरोग्य यांचे आकडे लिहा. एखाद्या नौकेची घोषणा वाचाल तेव्हा करार केव्हा झाला, नौका केव्हा मिळावयाची आणि किंमत किती, हे तीन आकडे टिपा; चार-पाच वर्षांनी ती वही पुन्हा उघडा. सरकारी खर्चाची तपासणी करणारे महालेखापरीक्षक आपले अहवाल संसदेपुढे ठेवतात व संसदेची लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. या दोन संस्था कशा चालतात ते नागरिकशास्त्राच्या तासास विचारा. आणि पालकहो, आपला खासदार गावी येईल तेव्हा रस्ता व सभागृह यांबरोबरच, ‘संरक्षणाच्या खर्चावर चर्चा झाली तेव्हा आपण सभागृहात होता काय?’ असा एक प्रश्न त्यास अवश्य विचारा. हा प्रश्न शत्रुत्वाचा नाही. धन्याने कारभाऱ्यास विचारावा तसा आहे.

आमच्या शाळेतील काही मुले पुढे सैन्यात व नौदलात जाऊ इच्छितात. त्यांचे आम्हांस कौतुक आहे. ती गेली तर त्यांच्या अंगाखालचे पोलाद निर्दोष असावे, बॅटरी वेळेवर बदललेली असावी, आणि पोकळ आरोळीपायी त्यांस लढाईत लोटले जाऊ नये, ही काळजी घरी राहिलेल्या आपणां सर्वांची आहे.

अभ्यासाकरिता प्रश्न :

१. समुद्राच्या पाण्याचा दाब वर सांगितलेल्या प्रमाणात वाढतो असे धरून, शंभर मीटर खोलीवर एक चौरस मीटर पत्र्यावर किती टन भार येईल ते काढा.

२. सहा पाणबुड्यांचा मंजूर खर्च १८,७९८ कोटींवरून २३,५६२ कोटींवर गेला. वाढ शेकडा किती झाली? ती वाढ देशातील माणशी किती रुपये पडते?

३. तुमच्या घरातील वडील माणसांस १९७१ च्या डिसेंबरातील किंवा २०२५ च्या मे महिन्यातील आठवणी विचारा. त्या वेळी ऐकलेली कोणती बातमी पुढे खोटी ठरली, ते दहा ओळींत लिहून आणा.